जुना हानाफुदाचा (जपानी फुलांच्या पत्त्यांचा) कॅट मिळालाय, कसा खेळायचा?

ओसाकाकर:
क्योटोला तोजी देवळात दर महिन्याच्या २१ तारखेला जुना बाजार भरतो, तिथून हा कॅट घेतला. छोटी जाड पानं, आकडे नाहीत, बदाम-इस्पिक काही नाही, नुसती फुलं, पक्षी, प्राणी. नियमांचा कागद नाहीये. मोजली तर ४९ भरली, त्यात एक कोरं. सासूबाई आल्यात इकडे, त्यांना पत्त्यांची भारी हौस, दोघींत खेळता येईल असं कोणी सांगेल का? आणि कॅट किती जुना ते कळतं का?

भिडू_तोक्यो:
ताई, कॅट पूर्ण आहे! पानं ४८च असतात, कोरं पान हरवलेल्याच्या जागी वापरायला. १२ महिने, प्रत्येकाचं एक झाड आणि त्याची ४ पानं. जानेवारी पाइन, मार्च चेरी, सप्टेंबर शेवंती असं.
दोघींसाठी कोई-कोई खेळा. ८-८ पानं हातात, ८ मध्ये उघडी, बाकीची गड्डी पालथी. आपल्या पाळीला हातातलं एक पान टाकायचं, खाली त्याच झाडाचं असेल तर दोन्ही उचलायची, नसेल तर ते तिथेच राहतं. मग गड्डीतलं वरचं पान उलटायचं, तोच नियम. खाली एकाच झाडाची तीन असतील तर चौथ्यावाल्याला सगळी मिळतात.
उचललेल्या पानांतून संच जुळवायचे. रानडुक्कर-हरीण-फुलपाखरू लागलं की ५ गुण, कविता लिहिलेली लाल पट्टी असलेल्या तीन पानांचे ५, निळी पट्टी असलेल्या तीन पानांचे ५, पाचही "तेजस्वी" (म्हणजे सगळ्यात मोलाची) पानं आली तर १०.
आणि खरी मजा पुढे आहे, संच लागला की तिथेच डाव थांबवून गुण घ्यायचे किंवा "कोई-कोई" म्हणून पुढे खेळायचं, पण मग समोरच्याचा संच आधी लागला तर तुमचे गुण गेले, वर त्याचे दुप्पट. सगळ्या खेळाचा जीव या एका निर्णयात आहे, समोरचीने काय काय उचललंय त्यावर नजर ठेवूनच ठरवा. असे १२ डाव.

शेवंती:
वरचं सगळं बरोबर, फक्त सुरुवातीला एप्रिल आणि जुलैमध्ये सगळे घोळ घालतात. एप्रिलची फुजी (विस्टेरियाची वेल) वरून खाली लोंबते, जुलैची हागी (बुश क्लोव्हरचं झुडूप) खालून वर चढते, पान उलटं धरलं की झालंच! नोव्हेंबरचं लाल-काळं विजेचं पानही कुठल्याच झाडाचं वाटत नाही, ते विलोमध्ये धरायचं.
कंपनीचं नाव बहुतेक वेळा डिसेंबरच्या पाउलोनियाच्या एका साध्या पानावर छापलेलं असतं, ते बघा. निन्टेन्डोसुद्धा १८८९ मध्ये क्योटोत हीच पानं बनवत सुरू झाली. डबीवर कराचं तिकीट असेल तर कॅट १९८९ च्या आधीचा, कारण पत्त्यांवरचा तो कर १९०२ ला लागला नि १९८९ ला उठला. आणि प्लीज ओल्या फडक्याने पुसू नका, थरावर थर चिकटवलेला कागद असतो, फुगतो.

भिडू_तोक्यो:
हो, विलो राहिलंच. पावसातला छत्रीवाला माणूस तेजस्वी आहे, पण तीन तेजस्वींच्या संचात तो धरत नाहीत, चार किंवा पाच असतील तरच. आणि साकेच्या (जपानी दारूच्या) प्याल्याच्या पानाचं आधीच ठरवून घ्या. प्याला अधिक चंद्र ५ गुण, प्याला अधिक चेरीचा पडदा ५ गुण, म्हणजे दोनच पानांत संच! मला ते फार स्वस्त वाटतं, आम्ही तो नियम काढूनच टाकलाय, पण सासूबाईंना पहिल्या दिवशी गोडी लागावी म्हणून तुम्ही ठेवा.