‘नेट झिरो’ टॉवर: रविवारच्या मीटिंगआधी ग्रुपवर झालेली चर्चा

मंदार (सेक्रेटरी): आपल्या सोसायटीच्या नव्या टॉवरचं बिल्डरचं प्रेझेंटेशन सगळ्यांना पाठवलंय. तळघर २, मजले २२, फ्लॅट १२०, आणि पहिल्याच पानावर ‘नेट झिरो रेडी’, म्हणजे वर्षभरात लागेल तेवढी वीज इमारत स्वतःच बनवू शकेल असा दावा. रविवारी एसजीएम (विशेष सर्वसाधारण सभा) आहे. ज्यांना यातलं कळतं त्यांनी मुद्दे इथेच टाका. सुप्रभातचे फोटो आज नकोत.

वैशाली (बी-३०२): आधी गच्चीचं गणित करू. प्लॅनमध्ये गच्ची साधारण ६,००० चौ. फूट आहे. टाक्या, लिफ्टची खोली आणि कठड्याची सावली वगळली तर निम्मी उरते. सोलर पॅनेलना किलोवॉटला १०० चौ. फूट लागतात, म्हणजे ३० किलोवॉट. ठाण्यात किलोवॉटमागे वर्षाला १,४०० च्या आसपास युनिट मिळतात, म्हणजे एकूण ४२,०००. १२० घरांचे महिन्याला २०० युनिट धरले तरी वर्षाला २,८८,००० होतात. म्हणजे गच्ची जेमतेम सातवा हिस्सा भागवते. लिफ्ट, पंप यात धरलेलेच नाहीत. चार मजल्यांना हेच छप्पर जवळपास पुरलं असतं, २२ मजल्यांना पुरणं शक्य नाही.

प्रसाद (ए-१०३): मग सोलर नकोच का?

वैशाली (बी-३०२): हवंच. कॉमन मीटरवर नेट मीटरिंग करून घ्या, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होते. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. फक्त त्याला नेट झिरो म्हणू नका.

अनिलकाका (ए-५०१): वीज पुढची पन्नास वर्षं स्वच्छ होत जाईल, काँक्रीटचा कार्बन मात्र पहिल्या तीन वर्षांतच हवेत जाणार. टनभर क्लिंकरमागे (चुनखडी भाजून होणारा सिमेंटचा मुख्य घटक) सुमारे ०.८५ टन कार्बन डायऑक्साइड, आणि त्यातला निम्म्याहून जास्त चुनखडीतूनच सुटतो. भट्टी कशावरही पेटवा, तो सुटणारच. म्हणून क्लिंकर कमी करा. करारात असं लिहून घ्या: राफ्ट (पायाचा जाड अखंड स्लॅब), पाइल कॅप (पायाच्या पाइलवरचा काँक्रीटचा ठोकळा) आणि तळघराच्या भिंतींत सिमेंटच्या जागी किमान ५० टक्के जीजीबीएस (लोखंडाच्या भट्टीतल्या स्लॅगची, म्हणजे मळीची, पूड), स्लॅब-बीममध्ये २५ ते ३०. राफ्टला तर ते तसंही सोयीचं, जाड काँक्रीट तापून तडकत नाही.

बिल्डर नाही म्हणेल, आणि त्याचं कारण खोटं नसेल. स्लॅगचं काँक्रीट सुरुवातीला हळू पकडतं. मायवानमध्ये (भिंती आणि स्लॅब एकत्र ओतायचे ॲल्युमिनियमचे साचे) आठवड्याला एक स्लॅब काढायचा असतो, शटरिंग अडकून पडलेलं त्याला परवडत नाही. म्हणूनच स्लॅबला प्रमाण कमी ठेवलंय. पायाला घाई नसते, तिथे क्यूब टेस्टची (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद तपासण्याची) स्वीकृती २८ ऐवजी ५६ दिवसांवर घ्या. क्युरिंग (पाणी मारणं) काँक्रीटच्या आयएस ४५६ मानकाप्रमाणे किमान १० दिवस, ओपीसीचे, म्हणजे साध्या सिमेंटचे, ७ नव्हे. ७ दिवसांनी पाणी थांबवलं की वरचा थर भुसभुशीत राहतो आणि सगळे स्लॅगच्या नावाने बोटं मोडतात.

अजून एक. आरएमसी (तयार काँक्रीटचा) प्लँट सुरक्षिततेसाठी सिमेंट जास्तच घालतो. मिक्स डिझाइनची प्रत आणि प्रत्येक गाडीचा बॅच रिपोर्ट मागा.

प्रसाद (ए-१०३): आणि दोन तळघरं?

अनिलकाका (ए-५०१): बरं झालं विचारलंत. रिटेनिंग वॉल, जाड राफ्ट, खोदताना पाणी उपसणारा डिवॉटरिंग पंप आणि नंतर जन्मभर फिरणारे पंखे! एक तळघर कमी करून पोडियमवर (खालच्या पार्किंगच्या मजल्यांवर) स्टॅक पार्किंग, म्हणजे गाडीवर गाडी, घेतलं तर वाचणारं काँक्रीट बाकीच्या सगळ्या हिरव्या उपायांना मागे टाकेल. मात्र हा मुद्दा मीटिंगमध्ये पडणार, मला माहीत आहे.

स्नेहल (सी-७०४): भिंतींचं बघा. मायवानच्या बाहेरच्या भिंती १५० मिमी काँक्रीटच्या असतात, यू-व्हॅल्यू (भिंतीतून उष्णता किती शिरते त्याचं माप, कमी तितकं बरं) साडेतीनच्या आसपास. २०० मिमी एएसी ब्लॉकची (हलका, सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक) ०.८ च्या आत येते. घरांच्या ऊर्जाबचतीच्या इको निवास संहितेत आरईटीव्हीची (भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या सरासरी उष्णतेची) मर्यादा दर चौ. मीटरला १५ वॉट आहे. काँक्रीटची भिंत एकटीच तिच्या जवळ नेऊन ठेवते, काच अजून मोजायचीच आहे. शिअर वॉल (वारा-भूकंपाचा जोर पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) लिफ्ट-जिन्याच्या गाभ्याकडे घ्या आणि निदान पश्चिमेच्या भिंती ब्लॉकच्या करा, हे स्ट्रक्चरल ड्रॉइंग निघण्याआधी सांगावं लागतं. नंतर कोणी ऐकत नाही.

मंदार (सेक्रेटरी): एएसीला तडे जातात असं सगळे म्हणतात.

स्नेहल (सी-७०४): जातात, पण कामाच्या पद्धतीमुळे. ब्लॉक भिजवून लावतात, मग ते सुकताना आकसतात. पृष्ठभाग नुसता ओलसर करायचा आणि ३ मिमीचा ब्लॉक जॉइंटिंग मॉर्टर वापरायचा. दिवसाला दीड मीटरहून उंच चढवायचं नाही. बीमखाली १० ते १२ मिमी फट ठेवून ती शेवटी भरायची. काँक्रीट आणि ब्लॉकच्या सांध्यावर दोन्हीकडे १५० मिमी फायबर जाळी, वर दोन थरांत प्लास्टर.

खिडक्या: दमट हवेसाठी संहितेत उघडणारं क्षेत्र चटईक्षेत्राच्या १६.६६ टक्के मागितलंय. दोन पॅनेलची सरकती खिडकी निम्मीच उघडते, बाहेर उघडणारी ९० टक्के. दक्षिणेला ६० सेमीचा छज्जा चालतो. पश्चिमेला नाही, संध्याकाळचं ऊन त्याच्या खालून आत शिरतं. तिथे उभ्या पट्ट्या किंवा बाहेरून पडदा. आतला पडदा उशिराचा, तोवर काचेतून ऊन आत आलेलं असतं.

एसीच्या बाहेरच्या युनिटांना मोकळी जागा हवी. बंद डक्टमध्ये एकावर एक रचली की खालच्याची गरम हवा वरचं ओढतं आणि वरच्या मजल्यांचं बिल वाढतं.

प्रसाद (ए-१०३): पाइप गॅसऐवजी इंडक्शन लिहून घेऊ?

वैशाली (बी-३०२): आत्ता सक्ती नको. ग्रिडच्या एका युनिटमागे अजून ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. आजच्या हिशेबाने इंडक्शनच्या स्वयंपाकाचा कार्बन पाइप गॅसच्या सुमारे दुप्पट पडतो. पण प्रत्येक ओट्याला स्वतंत्र एमसीबीवरचा १६ अँपिअरचा पॉइंट आणि तेवढा मंजूर भार आताच घ्या. नंतर राइझरची (मजल्यांवर वीज नेणारी मुख्य) केबल बदलायला निघालात तर खर्च बघाच.

मंदार (सेक्रेटरी): काका, ५० टक्के जीजीबीएस आणि ५६ दिवसांचं कलम पीएमसीला (आपल्या प्रकल्प सल्लागाराला) लेखी हवंय. स्नेहलताई, भिंती-खिडक्यांचं एक पान. शनिवारी दुपारपर्यंत दोन्ही पाठवा, रविवारी ॲनेक्स्चर म्हणून मांडतो. तळघराचं मतदान वेगळं घेऊ.

अनिलकाका (ए-५०१): पाठवतो. सोबत बॅच रिपोर्टचा नमुनाही जोडतो, पीएमसी बहुतेक तोच मागेल.