५६००जीसाठी स्वस्तातला मदरबोर्ड कुठला घेऊ? मदत हवी आहे

मंडळी, भावाच्या टॅलीच्या कामाला पीसी जोडतोय, रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घेऊन ठेवलाय, ग्राफिक कार्ड नाही टाकणार, आता बोर्डावर गाडी अडकलीय. नवी पेठेत एकजण बी४५० बोर्ड गळ्यात मारायला बघतोय पण त्यातला बायोस (पीसी चालू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) जुना निघाला तर हा प्रोसेसर चालूच व्हायचा नाही आणि अपडेट मारायला माझ्याकडे दुसरा प्रोसेसर कुठाय! बी५५० बोर्ड महाग, त्यात ५६००जीला पीसीआयई ४ (कार्ड, एसएसडी जोडायची जास्त वेगाची लाइन) मिळतच नाही, मग ए५२०च बरा ना? ओव्हरक्लॉक (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, त्याने तो तापतो) करायचंच नाही, सोलापूरचं ऊन काय कमी आहे का. रॅमचे दोन स्लॉट पुरतील का? ८-८ जीबीच्या दोन काड्या लावणार आहे. एचडीएमआय पाहिजेच. बजेट सहा हजार, कुणी वापरत असाल तर मॉडेल सांगा की ओ.