न दिसलेला पक्षीही मोजतात
प्रश्न असा, हौशी लोकांनी पाठवलेल्या पक्ष्यांच्या नोंदींवर शास्त्रज्ञ भरवसा कसा ठेवतात? तर आंधळेपणाने ठेवत नाहीत. मी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर पाणपक्षी मोजतो आणि ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर यादी टाकतो. सुरुवातीला हौसेनं एका बदकाचं भलतंच नाव लिहिलं. लगेच ई-बर्डकडून विचारणा आली, फोटो आहे का? फोटो होता, निघालं आपलं नेहमीचं हळदी-कुंकू बदक! (घरच्यांनी ते अजून विसरू दिलेलं नाही.)

खरी गंमत पुढं हाय. यादी टाकताना विचारतात, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? 'हो' म्हटलं की यादीत नसलेला पक्षीही माहिती देतो, म्हणजे तो तिथं दिसला नाही हे कळतं. नुसते दुर्मीळ तेवढे लिहिणाऱ्यांची तिथंच गोची होते. वारकरी, पाणकावळे, बगळे असल्या नेहमीच्या पक्ष्यांना कोण विचारतंय असं वाटतं, पण संख्या घटतेय की वाढतेय हे कळायला तेच लागतात.

फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना असते, भारत त्यात 2013पासून आहे. एका जागी किमान 15 मिनिटं मोजायचं. रंकाळ्याला फेरी मारतोयच की आपण, भेळ नंतर खाऊ.