इंप्रेशनिझम कॅमेऱ्यामुळे जन्मला? मला पटत नाही

रंगरेषा:
"कॅमेरा आला, हुबेहूब चित्रं काढण्याचं काम गेलं, म्हणून चित्रकार इंप्रेशनिझमकडे वळले." हे इतक्यांदा ऐकलंय की आता लिहायलाच हवं. (इंप्रेशनिझम म्हणजे बारीक तपशिलापेक्षा त्या क्षणाचा प्रकाश आणि रंग पकडणारी चित्रशैली.) डागेरचं छायाचित्रणाचं तंत्र जाहीर झालं १८३९ साली. मोने, रेन्वार, देगा, पिसारो, बेर्त मोरिझो या इंप्रेशनिस्ट चित्रकारांचं पहिलं प्रदर्शन पॅरिसला भरलं १८७४ साली. मधली पस्तीस वर्षं काय चाललं होतं?

खरी क्रांती केली रंगाच्या नळीने. आधी तेलात खललेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. टोचून रंग काढला की भोक नीट बुजत नसे, उरलेला वाळून वाया जाई. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या नळीचं पेटंट घेतलं आणि मग पेटी उचलून आगगाडीने थेट नदीकाठी जाऊन चित्र काढत बसणं सोपं झालं.

काळापांढरा:
असहमत. रँडचं पेटंट १८४१ चं. तुमच्याच हिशेबाने नळीलाही तेहतीस वर्षं लागली की!

आणि ते प्रदर्शन भरलं कुठे? नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत. तिथेच मोनेचं 'बुलव्हार दे कापुसीन' होतं. त्यातली रस्त्यावरची माणसं म्हणजे नुसते काळे फटकारे. तेव्हाच्या फोटोत चालती माणसं अशीच फरफटलेली दिसायची. देगाचं १८७५ चं 'प्लास द ला काँकॉर्द' बघा, डावीकडचा माणूस चौकटीने उभा कापलाय. ही नजर कॅमेऱ्याची आहे.

निळीशाई:
कापलेल्या चौकटीचं श्रेय एकट्या कॅमेऱ्याला का? हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या एदो (आजचं टोकियो) शहराच्या चित्रमालिकेत (१८५६ ते ५८) एका चित्रात समोर दिसतात फक्त घोड्यांचे पाय आणि मागचा भाग, बाकी सगळं चौकटीबाहेर. अशा जपानी ठसाचित्रांनी (लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांनी) पॅरिसला वेड लावलं होतं. फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावच्या घरात मोनेच्या जेवणघराच्या भिंती त्यांनीच भरलेल्या आहेत.

रंगरेषा:
काळापांढरा, वर्षांचा मुद्दा मागे घेतो, तो दोन्हीकडून कापतो. देगाच्या बाबतीतही तुमचं बरंचसं मान्य, पुढे तो स्वतः फोटो काढायचा.

पण मोनेचं काय? १८९२ ते ९४ मध्ये फ्रान्समधल्या रूआँ शहराच्या कॅथेड्रलची (मोठ्या चर्चची) तीसहून जास्त चित्रं त्याने केली. दर्शनी भाग तोच. सकाळी निळसर, उन्हात पिवळा, संध्याकाळी तांबूस. सावलीत काळा रंग न घालता निळा-जांभळा घालायचा, हे तो कोणत्या फोटोत पाहणार होता? रंगीत फोटो काढायच्या ऑटोक्रोम काचा बाजारात आल्या १९०७ साली.

काळापांढरा:
रंगाचं मान्य. पण एकच गोष्ट निरनिराळ्या क्षणी पुन्हा पुन्हा टिपायची, ही कल्पना मला अजूनही फोटोवाल्याचीच वाटते.