गाडीला गाडी, वर ७० हजार: सांगली–नागपूर अदलाबदल कशी करायची?

तासगाव_१०

नमस्कार मंडळी. आमची बोलेरो, २०१७ ची डिझेल, एमएच-१० पासिंग, आरसी वडिलांच्या नावावर. जाहिरात टाकल्यावर नागपूरहून फोन आला. त्याच्याकडे २०१९ ची वॅगनआर आहे, कंपनी फिटेड सीएनजी, एमएच-४९. गाडीला गाडी करू आणि वर मी ७० हजार देतो, असं तो म्हणतोय. भाव दोघांनाही पटलाय, त्यावर चर्चा नको.

माणूस अनोळखी आणि मधे सातशे किलोमीटर, ही अडचण आहे. त्याचं म्हणणं, हेलपाटा कशाला, टीटी फॉर्मवर (नाव बदलाच्या फॉर्मवर) सह्या करून कुरिअर करू, गाड्या ट्रान्सपोर्टने पाठवू, आणि ज्याने त्याने आपापल्या आरटीओत नाव चढवून घ्यायचं. आरसी आणि आधारचे फोटो पाठवलेत. फौजेत आहे, बदली झालीय म्हणून घाई आहे म्हणतो. एमपरिवहनवर (गाडीची माहिती दाखवणारं सरकारी ॲप) त्याच्या गाडीला बँकेचा बोजा दिसतो. त्यावर उत्तर असं की कर्ज फिटलंय, एनओसी (बँकेचं ना-हरकत पत्र) घरी आहे.

आमच्याकडची गोम म्हणजे आरसीला जोडलेला मोबाईल नंबर बंद आहे, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बसवलेली नाही, विमा पाच महिने शिल्लक आहे. गाडी आधी कुणी द्यायची, पैसे कधी घ्यायचे, आणि भेटायचं ठरलं तर कुठे?

टीटी_सेट

दादा, अदलाबदलीचा व्यवहार कायद्याला मान्य आहे, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११८ मध्ये तो सांगितलेला आहे. पण आरटीओच्या खिडकीवर त्याचा वेगळा फॉर्म नाही. तिथे त्या दोन स्वतंत्र विक्री होतात. तुमची बोलेरो नागपूरला नावावर होणार, त्याची वॅगनआर सांगलीला. एक झाली आणि दुसरी लटकली, असं होऊ शकतं. म्हणून दोन्ही अर्ज एकाच दिवशी, एकाच टेबलावर बसून भरले जातील अशीच मांडणी करा. कुरिअरचा मार्ग इथेच बाद होतो.

कोऱ्या टीटी फॉर्मवर सही तर अजिबात नको. घेणाऱ्याचं नाव रिकामं असलेला सही केलेला फॉर्म २९ आणि ३० हातात पडला की गाडी नाव न चढवता तिसऱ्या-चौथ्या माणसाला विकता येते. मधे अपघात झाला तर काय होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार प्रकरणात स्पष्ट केलंय. गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, तरी नोंदीत ज्याचं नाव होतं त्यालाच मालक धरून भरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकली. तुमच्या बाबतीत तो माणूस म्हणजे तुमचे वडील.

आता क्रम सांगतो. सगळ्यात आधी वाहन पोर्टलवर मोबाईल नंबर बदला. चेसिस नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख आणि आरसीची मुदत हाताशी ठेवा. ओटीपी याच नंबरवर येतो, त्यामुळे हे झाल्याशिवाय बाकी काही हलत नाही. आरसीवरचं नाव आणि आधारवरचं नाव यात फरक असेल तर तो आत्ताच निस्तरा. मग एचएसआरपी. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला ती नसेल तर नाव बदलाचं काम अडतं. प्लेटची ऑनलाइन वेळ लगेच मिळेल असं नाही, म्हणून भेटीची तारीख प्लेट बसल्यावरच ठरवा.

त्याच्या बाजूने बोजा. बँकेचं पत्र घरात असून उपयोग नाही, बोजा आरसीवरून उतरला पाहिजे. त्यासाठी फॉर्म ३५ च्या दोन प्रती, बँकेच्या सही-शिक्क्यासह, आणि बँकेची एनओसी लागते. बँकेच्या पत्रावर बहुतेक वेळा मुदत असते. मुदत संपली असेल तर त्याला नवीन पत्र आणावं लागेल. हे त्याने त्याच्या आरटीओत आधी करून घ्यायचं. तुम्ही एमपरिवहनवर गाडी पुन्हा टाकून बघा, बोजा गेलेला दिसला की पुढे बोला. ‘नाव बदलताना दोन्ही एकदम करू’ याला हो म्हणू नका. त्यात बँकेच्या पत्राची जोखीम तुमच्याकडे येते.

भेटीच्या दिवशी फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरलेले असावेत, त्यात घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख आली पाहिजे. त्याचा आधारचा पत्ता नीट वाचा. नागपूर शहर एमएच-३१, ग्रामीण एमएच-४०, पूर्व नागपूर एमएच-४९. पत्ता ज्या हद्दीत येतो ते कार्यालय अर्जात निवडायचं. चुकलं तर अर्ज परत फिरतो आणि तोवर गाडी सातशे किलोमीटर लांब असते. दोन्ही गाड्या महाराष्ट्राच्या आहेत, त्यामुळे नंबर तोच राहील. तो बेळगाव-विजापूरचा असता तर फॉर्म २८ ची एनओसी आणि इथला रस्ता कर, असा वेगळाच हिशेब झाला असता.

करारनामा ५०० च्या स्टॅम्पवर, नोटरीसमोर, दोन साक्षीदारांसह करा. ‘गाडीच्या बदल्यात गाडी’ एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक गाडीची किंमत आकड्यात लिहा. उद्या एक गाडी जप्त झाली किंवा व्यवहार मोडला, तर दावा किती रुपयांचा, हे त्याच आकड्यावर ठरतं. दोन ताबा पावत्या करा, त्यात तारखेबरोबर वेळ आणि किलोमीटर रीडिंग घाला. सायंकाळी ५ वाजता ताबा दिला आणि ७ वाजता चलन पडलं, तर ते कुणाचं हा वाद राहत नाही. करारावर आणि फॉर्मवर सह्या वडिलांच्याच. तुम्ही मुलगा असलात तरी तुमची सही चालणार नाही.

आणि एक. विकणाऱ्याने १४ दिवसांत हस्तांतरण कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. समोरचा करेल म्हणून बसू नका. फॉर्म २९ ची सही केलेली प्रत स्वतः आरटीओत द्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. तो शिक्का वडिलांच्या फाईलला कायमचा राहू द्या.

मिस्त्री_विश्रामबाग

कागदाचं वर आलंय, मी लोखंडाचं सांगतो.

फोटोतला चेसिस नंबर बघून समाधान मानू नका. गाडीवर कोरलेला नंबर, आरसीवरचा नंबर आणि पोर्टलवर दिसणारे आकडे, तिन्ही जुळले पाहिजेत. चेसिसची पेन्सिल प्रिंट काढा. अक्षरांची खोली कमी-जास्त लागली किंवा आजूबाजूला घासल्याची खूण दिसली तर तिथेच थांबा. चोरीच्या गाडीसाठी एनसीआरबीची (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची) वाहन समन्वय सेवा आहे, तिच्यावर नंबर टाकून बघा.

वॅगनआरचं बघाल तर आधी सीएनजी सिलिंडर. त्यावर पट्टी असते. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (सिलिंडरची दाबाची चाचणी) लागते, म्हणजे २०१९ च्या गाडीची २०२२ ला एक आणि २०२५ ला एक झालेली असली पाहिजे. प्रमाणपत्र मागा. आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ असं नसेल तर किट नंतर बसवलंय आणि विम्यालाही कळवलेलं नसणार. जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती बघा. गाडी थंड असताना स्टार्ट करा, पेट्रोलवरून गॅसवर जाताना झटका देते का आणि चढाला दम तोडते का ते तपासा.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) सोबत ठेवा, ब्लूटूथचा साधा चालतो. एरर नाही एवढं बघून खूश होऊ नका. ‘कोड पुसल्यापासून किती किलोमीटर’ हा आकडा बघा. तो पंधरा-वीस दाखवत असेल तर सकाळीच पुसलेत. रेडिनेस मॉनिटर (गाडी स्वतःच करते त्या तपासण्या) अपूर्ण दिसले तरी अर्थ तोच.

टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. मीटर ३५ हजार दाखवतंय आणि चारही टायर बदललेले, तर मीटर खोटं बोलतंय असं धरून चाला आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवरून हिस्टरी काढा. चारही काचांवरचं वर्ष जुळतंय का बघा, एकच वेगळी असेल तर त्या बाजूला मार बसलाय. पेंट मीटर मिळाला तर कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन येतो, ३०० च्या वर गेला की खाली पुट्टी.

आता तुमच्या बोलेरोचं. सांगलीची गाडी म्हटल्यावर समोरचा पुराचं विचारणारच. २०१९ आणि २०२१, दोन्ही महापूर गाडीच्या वयात बसतात. आधीच तयारी ठेवा: विम्याची क्लेम हिस्टरी, आणि सीटचे रूळ, पूर्ण ओढलेला सीटबेल्ट, डॅशबोर्डखालचे कनेक्टर यांचा व्हिडिओ. गाळाची रेघ सीटबेल्टच्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर हमखास राहते, कारण धुताना तेवढा कुणी ओढत नाही. ऑइल फिलरचं झाकण काढून इंजिन चालू ठेवल्याचाही व्हिडिओ द्या, डिझेलमध्ये समजणारा माणूस तेच मागतो.

तासगाव_१०

दोघांचे आभार. ट्रान्सपोर्टला मी नाही म्हटलं, तर तो म्हणतो निदान ५ हजार इसार पाठवा, म्हणजे ‘गाडी दुसऱ्याला देणार नाही’. वरचे पैसे तो देणार असताना इसार मी द्यायचा हे बरोबर आहे का? आणि ७० हजार कॅश आणतो म्हणतोय.

आवक_जावक

बरोबर नाही. इसार द्यायचा तर ज्याच्याकडून वरचे पैसे येणार त्याने द्यायचा, ही साधी रीत आहे. तुमच्याकडूनच पैसे काढायची सुरुवात झाली की सावध व्हा.

फौजेचं कार्ड पाठवून विश्वास मिळवणं हा ऑनलाइन गाडीविक्रीतला जुनाच डाव आहे. आपल्या भागात तो जास्त चालतो, कारण अपशिंगे मिलिटरीसारखं फौजींचं गाव शेजारच्या सातारा जिल्ह्यात आहे, इथे फौजी म्हटल्यावर माणूस पुढे विचारतच नाही. तो खरा जवान असेलही. तरी कार्डाचा फोटो पुरावा धरू नका. त्याला गाडीशेजारी उभं करून व्हिडिओ कॉल करा, आरसी हातात धरायला लावा आणि बोनेट उघडून चेसिस नंबर तिथल्या तिथे वाचायला सांगा. त्याला नको असेल तर विषय संपला.

ट्रान्सपोर्टच्या नावाने पुढे काय मागतात तेही माहीत असू द्या. ‘परत मिळणारी’ विम्याची रक्कम, मग जीएसटी, मग गेटपास. गाडी कधी निघतच नाही. ‘पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करा’ असा मेसेज आला तर फोन ठेवून द्या. पैसे घेताना पिन लागत नाही, पिन टाकला की आपलेच जातात. गेले तर वेळ न घालवता १९३० ला फोन.

७० हजार कॅश कायद्यात बसते, प्राप्तिकर कायद्यातली रोखीची बंदी २ लाखांपासून आहे. तरीही खात्यावरच घ्या. रस्त्यात नोटा मोजणं, खोट्या नोटा आणि वर पुरावा नाही, कशाला? यूपीआयची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला १ लाख आहे, त्यात हे बसतं. मात्र नवीन खातं जोडल्यावर बऱ्याच बँका पहिले २४ तास मर्यादा लावतात. म्हणून त्याला एक दिवस आधी १ रुपया पाठवायला सांगा. त्यातून दोन कामं होतात, खातं सुरू राहतं आणि पैसे पाठवणाऱ्याचं नाव आरसीवरच्या नावाशी जुळतं का ते कळतं. ‘मेव्हण्याच्या खात्यावरून टाकतो’ नको. आणि पैसे आले की नाही ते स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये बघा. एसएमएस आणि स्क्रीनशॉट दोन्ही बनवता येतात.

माझ्या मते रक्कम दोन भागांत घ्या. दोन्ही अर्जांचे नंबर निघाले, फी भरली, ओटीपी झाले की ५५ हजार. तेव्हाच चाव्या. उरलेले १५ दोन्ही आरसींवर नवी नावं दिसल्यावर. त्यामुळे तोही बोलेरो नावावर करायची घाई करेल.

टीटी_सेट

१५ हजार मागे ठेवायला मी सांगणार नाही. ते पैसे त्याच्याकडे राहणार, म्हणजे दबाव तुमच्यावर, त्याच्यावर नाही. त्यापेक्षा पूर्ण ७० घ्या आणि आवकच्या शिक्क्यावर भर द्या.

आवक_जावक

हं, हे मान्य. वरचे पैसे घेणाऱ्याने रक्कम मागे ठेवून त्याचा फायदा होत नाही. तासगावकर, पूर्णच घ्या.

वाटसरू_१६६

जागेबद्दल. नागपूर–रत्नागिरी महामार्गाने गेलात तर निम्मी वाट लातूरच्या पुढे आणि नांदेडच्या अलीकडे येते. म्हणून रस्त्यातल्या ढाब्यावर भेटू नका. लातूर किंवा नांदेड शहर धरा. महिंद्रा आणि मारुती दोन्हींचं सर्व्हिस सेंटर तिथे गाठता येईल, दोन्ही गाड्या लिफ्टवर घेऊन पैसे भरून तपासणी होईल. नोटरी कोर्टाच्या आवारात. शनिवार-रविवार सोडून सकाळी १० ला सुरू करा, कारण सर्व्हिस सेंटर, नोटरी आणि अर्ज भरणं एवढ्यात अख्खा दिवस जातो. वडिलांना नेणं शक्य नसेल तर त्यालाच सांगलीला बोलवा. वर पैसे देणारा तो आहे आणि गरजही त्याला. महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूरहून सांगलीला येतेच, पण वॅगनआर घेऊन यायचं असल्याने त्याला रस्त्यानेच यावं लागेल.

परतीचा विचार आधीच करा. विमा कंपनीला हस्तांतरण १४ दिवसांत कळवायचं असतं. थर्ड पार्टी कव्हर गाडीबरोबर जातं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा पॉलिसी तुमच्या नावावर होईपर्यंत अडू शकतो. पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर तर जुन्या मालकाचंच, ते तुम्हाला मिळत नाही. त्यामुळे दोन्ही विमा कंपन्यांना त्याच दिवशी करारनाम्याच्या प्रतीसह मेल टाका. नो क्लेम बोनस (दावा न केल्याची हप्त्यातली सूट) माणसाचा असतो. बोलेरोवर वडिलांचा ५० टक्के जमला असेल तर रिझर्व्हेशन लेटर (तो राखून ठेवल्याचं पत्र) घ्या, तीन वर्षांत दुसऱ्या गाडीला वापरता येतो. वॅगनआरवर त्याच्या बोनसमुळे हप्ता कमी बसला असेल तर फरक तुम्हाला भरावा लागेल, तेवढे पैसे बाजूला ठेवा.

अनोळखी गाडी रात्री चालवत घरी आणू नका, त्यातून ऊस हंगाम असेल तर मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या पंढरपूरपासूनच सुरू होतात. लातूरला मुक्काम करा, सकाळी निघा.

तासगाव_१०

फास्टॅगचं काय? काचेवर तसाच राहू द्यायचा का?

वाटसरू_१६६

नाही. टॅग गाडीच्या नंबरला आणि वडिलांच्या खात्याला जोडलेला आहे. चावी देण्याआधी काचेवरून खरवडून काढा आणि बँकेकडे बंद करायची विनंती टाका. नुसता काढून उपयोग नाही, तो चालू राहिला तर त्याला त्याच नंबरावर नवीन टॅग मिळणार नाही आणि फोन तुम्हालाच येतील. त्याच्याकडूनही हेच करून घ्या, आणि परतीच्या टोलसाठी नवीन टॅग निघेपर्यंत यूपीआयने भरायची तयारी ठेवा.