माउंट थॉर: न चढता, नुसता खालून बघायला जाता येईल का?

कातळवेडा:
कॅनडात बॅफिन बेटावर आहे तो माउंट थॉर. उंची जेमतेम १६७५ मीटर पण पश्चिमेचा कडा म्हणे १२५० मीटर एका दमात खाली येतो आणि तोही सरळ नाही, बाहेर झुकलेला! चढायचं नाहीये, फक्त पायथ्याला उभं राहून डोळे भरून बघायचाय. जमेल का? आणि एवढा कडा असा झुकून टिकतो कसा?

हिमरेषा:
जमेल, नक्की जा. औयुइत्तुक नॅशनल पार्कमध्ये येतो तो. बॅफिनवरच्याच इकालुइत शहरातून छोट्या विमानाने पांगनिरटुंग गावात, तिथे पार्कच्या ऑफिसात परमिट आणि ओरिएंटेशन (ते टाळता येत नाही), मग फिओर्डमधून (कड्यांमध्ये शिरलेली समुद्राची अरुंद खाडी) बोटीने ओव्हरलॉर्डला, म्हणजे पार्कच्या तोंडाशी, आणि तिथून वीझल नदीच्या काठाने अक्षायुक खिंडीत चालत, थॉर तिथेच आहे. पण तारखा नीट बघ, बर्फ फुटायच्या दिवसांत ना स्नोमोबाईल चालते ना बोट, तू गावातच अडकून बसशील.

ग्रॅनाईटप्रेमी:
टिकतो कारण दगड तसा आहे. कॅनेडियन शील्डचा (कॅनडाखालचा अतिप्राचीन खडकाचा पाया) जुनाट, घट्ट ग्रॅनाईट, त्यात हिमनद्यांनी दरी खोल खरवडून काढली आणि बाजूची भिंत उघडी पडली. सरासरी कोन १०५ अंश, म्हणजे ओळंब्याच्याही १५ अंश बाहेर, बर्फ टिकायला जागाच नाही म्हणून तो काळा नागडा दिसतो. शिखरावर १९६५ मध्ये लायमन स्पिट्झर आणि डोनाल्ड मॉर्टन पोचले, दोघंही खगोलशास्त्रज्ञ, नासाच्या दुर्बिणीला नाव आहे तेच स्पिट्झर! पण ते या कड्यावरून नाही गेले. हा कडा १९८५ मध्ये अमेरिकन टीमने सर केला, ३३ दिवस लागले. मला तर हे वाचूनच अंगावर काटा येतो.

हिमरेषा:
एक राहिलं, ओढे. सगळे कड्याचंच बोलतात पण चालणाऱ्याला खरा धोका पाण्याचा. दिवसभर हिमनदी वितळते आणि संध्याकाळपर्यंत पाणी चढतं, सकाळी गुडघाभर असलेला ओढा तेव्हा ओलांडायच्या लायकीचा राहत नाही. म्हणून पहाटेच ओलांडायचं, सॅकचा कमरेचा पट्टा सोडून, आणि पाणी जास्त वाटलं तर थांबायचं. दोन दिवस एक्स्ट्रा धरूनच तिकीट काढ. वारापण भयानक असतो, तंबू स्वस्तातला नको.

कातळवेडा:
मनापासून थँक्स दोघांना! मग ऑगस्ट धरू का? तोवर फिओर्ड मोकळा झालेला असतो ना?

हिमरेषा:
हो, ऑगस्ट बरा. बोटवाल्याशी आधीच बोलून ठेव, परतीचा दिवसपण त्याच्याकडे नक्की कर.