‘रीझनेबल अकॉमोडेशन’ मराठीत कसं लिहावं?

निशिगंध: विधी महाविद्यालयाचं प्रवेश-माहितीपत्रक मराठीत करतेय. २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या ‘रीझनेबल अकॉमोडेशन’चं यंत्राने ‘वाजवी निवास’ केलं. मुलांना वाटेल वसतिगृह मिळणार! मी ‘वाजवी सवलत’ लिहिलं, तर सर म्हणाले चूक. तुम्ही काय लिहाल?

कुरुंद: सरांचं बरोबर आहे. कलम ३२मधली प्रवेशाच्या कमाल वयाची ५ वर्षांची सूट ही सवलत. हे निराळं. कलम २मधली व्याख्या पाहा: दिव्यांग विद्यार्थ्याला इतरांच्या बरोबरीने शिकता यावं म्हणून संस्थेने करायचा आवश्यक तो बदल. संस्थेवर अवाजवी भार पडत नसेल तर तो करावाच लागतो.

जुनी वही: सवलत हलकी नाही हो. मूळ अरबी ‘सहूलत’, म्हणजे सुलभपणा. ‘वाजवी’सुद्धा ‘वाजिब’वरून. आपल्या वळणाचं हवं तर ‘यथोचित समायोजन’ लिहा.

टिपकागद: समायोजन अतिरिक्त शिक्षकांचं होतं. मी अंध आहे, एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला. नोट्स म्हणून कोर्टाच्या निकालपत्रांच्या झेरॉक्सचे फोटो मिळतात, त्यावर स्क्रीन रीडर (मजकूर वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर) एक अक्षर वाचत नाही. टाइप केलेली फाइल मागितली तर उत्तर आलं, ‘अशी सवलत आमच्याकडे नाही.’ तेव्हापासून तो शब्द नको वाटतो. ‘सोय’ लिहा. सोय झाली नाही तर गैरसोय होते, आणि ती कुणामुळे झाली हे विचारता येतं. सवलत नाकारली तर काय विचारणार?

कुरुंद: हे पटलं. विकास कुमार खटल्यात (२०२१) सर्वोच्च न्यायालयानेही अशी सोय हा हक्क धरला: लेखनिक (परीक्षेत आपण सांगू ते लिहिणारा) मिळायला ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्रच हवं असं नाही. तिथे अडचण रायटर्स क्रॅम्पची, म्हणजे लिहिताना हात आखडण्याची होती.

जुनी वही: ‘सोय’ कायद्याच्या भाषेत फार घरगुती वाटतो. ‘लेखनिक’ मात्र उत्तम, बोर्डही तोच वापरतं.

टिपकागद: घरगुती आहे म्हणूनच कळतो. आणि लेखनिक फक्त फॉर्मवर. परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही एकमेकांना विचारतो, ‘रायटर मिळाला का?’ तासाला २० मिनिटं जादा मिळतात, पण रायटरच आला नाही तर ती काय कामाची?

चिंचपेटी: माझ्या बहिणीची रायटर शेजारची बारावीतली मुलगी होती. ‘निष्पादन’ हा कायद्यातला शब्द तिला तीनदा सांगावा लागला. तिला लेखनिका म्हणायचं का?

निशिगंध: पत्रक उद्या छापायला जातंय. ‘वाजवी सोय’ चालेल ना?

जुनी वही: लेखनिका नको. ‘लिपिक’ बाईलाही लिपिकच म्हणतात.

चिंचपेटी: आमच्या तालुक्यात लिपिका म्हणतात!